शून्य मापाची साक्ष

मी एम.ए.ला बसणार आहे ही गोष्ट मी फक्त बायकोला सांगितली होती, तीसुद्धा जेवताना, आवाज खाली आणून, आणि "कुणाला बोलू नकोस हो" असं बजावून. उमेने कुणालाही सांगितलं नाही. फक्त विहिरीवर आनंदीबाईंना सांगितलं. आनंदीबाई म्हणजे काही 'कुणी' नव्हेत, असं तिचं म्हणणं. परिणामी दुसऱ्या दिवशी मी तोंड धुऊन ओटीवर येतो न येतो तोच शेजारचे रावजी गडग्यावरून मान काढून म्हणाले, "काय आठल्ये मास्तर, ह्या वयात पुन्हा पाटी-दप्तर?"

ह्या वयात म्हणजे काय, तर एकोणचाळीस. रावजींची दाढ त्या वयात पडली होती, माझी शाबूत होती, पण हे त्यांना कोण सांगणार!

बरं, मला काही हौस नव्हती आली. चौदा वर्षं मी मॅट्रिकच्या वर्गाला गणित शिकवत होतो. गेल्या पावसाळ्यात इन्स्पेक्टर आले, त्यांनी माझा तास पाहिला, मान डोलावली, चहा घेतला आणि जाताना शेरा मारला की वरच्या वर्गाला गणिताचा एम.ए. झालेला माणूस असावा. झालं. चेअरमनसाहेबांनी पुण्याचा एक पोरगा हेरला. एम.ए., डोक्याला मधोमध भांग, बोलताना 'अॅक्च्युअली' म्हणणारा. मला एकच संधी दिली. येत्या परीक्षेत पास झालो तर मॅट्रिकचा वर्ग माझा. नाहीतर मी इंग्रजी पहिलीच्या पोरांना त्रैराशिक शिकवत बसायचं. माझ्या हाताखालून गेलेले तीन वकील आणि एक मामलेदार ह्याच गावात आहेत. त्यांनी मला इंग्रजी पहिलीत पाहायचं!

एकदा बातमी फुटल्यावर आळीने मला वाऱ्यावर सोडलं नाही. सल्ला देण्याच्या बाबतीत आमची आळी उदार. श्रीपती वैद्यांनी ब्राह्मीचं तेल आणून दिलं आणि माझ्या टाळूवर स्वतः थापलं. ते मानेवरून ओघळून माझा एकमेव धड कोट कायमचा हिरवा झाला. राजाभाऊ वकील, म्हणजे रावजींचे आतेभाऊ आणि आमच्या आळीचे कायदेपंडित, त्यांनी विचारलं, "पेपर काढणारा कोण? त्याचं गाव कुठलं?" गाव कळलं की राजाभाऊ कुठल्याही माणसापर्यंत नातं काढत जाऊ शकत. रावजींनी सल्ला दिला की मास्तर, नाद सोडा.

बाकीचे पेपर मला जड नव्हते. पण एक पेपर नवा निघाला होता. आमच्या बी.ए.च्या काळी क्षेत्रफळ काढायचं म्हणजे आकृतीचे उभे काप करायचे आणि बेरीज करायची. आता कोणा फ्रेंच गृहस्थाने सगळं उलटं करून ठेवलं होतं. तो आधी मापाची व्याख्या करतो, कशाला माप आहे आणि कशाला नाही ते ठरवतो, आणि मग आडवे थर लावून बेरीज करतो. पहिले कितीतरी दिवस मला वाटत होतं की फ्रेंच लोकांना उद्योग नाही. मग एका दुपारी उमा आढीतले आंबे काढत होती. तिने आधी मोठे एकीकडे केले, मग मध्यम, मग बारके, आणि मग प्रत्येक ढीग वेगळा मोजला. मी ताडकन उठून म्हणालो, "अगं, हेच! हेच तो फ्रेंच म्हणतोय!" उमा म्हणाली, "त्यांच्याकडेही आंबे होतात का?"

तर पुस्तक. हे सगळं ज्यात होतं, ते आधी गावात मिळेना. माझ्या एका जुन्या वर्गमित्राने मुंबईच्या लायब्ररीतून आपल्या नावावर काढून बोटीवरच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवलं. आमच्या बंदराला बोट काही धक्क्याला लागत नाही. ती लांब उभी राहते आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, सगळं पडावात उतरवून किनाऱ्याला आणतात. त्या उतरवाउतरवीत कोणा बाईचं पोर वाचवताना माझं पुस्तक पाण्यात पडलं. पोर वाचलं हे चांगलंच झालं, माझी तक्रार नाही. पुस्तकही खलाशाने गळाने ओढून काढलं. पण माझ्या हातात आलं तेव्हा ते पुस्तक नव्हतं, लगदा होता. लायब्ररीचं पुस्तक, मित्राचं नाव, आणि परीक्षा तोंडावर. मी अंगणात कपाळाला हात लावून बसलो.

इथे आनंदीबाई आल्या. रावजींची ही चुलत काकू. तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही, रावजींच्या घराला लागून असलेल्या दोन खणांत राहणारी. लाल आलवणातली ती वाळकी मूर्ती आळीत सगळ्यांच्या उपयोगी पडायची आणि कुणाच्या हिशेबात नसायची. मे महिन्यात आळीची सगळी आंबापोळी तीच वाळवायची. तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. "कोरडं फडकं आण गो उमा. आणि मास्तर, तू बाजूला हो, तुझ्या हाताला घाम आहे."

मला गावात 'तू' म्हणणारी तीच एक उरली होती.

उन्हात, आंबापोळीच्या ताटांच्या रांगेत, तिने ते पुस्तक पान न् पान सुटं करून वाळवलं. दर पानाखाली केळीच्या खोडाचा वाळका सोपट. कावळे हाकायला हातात काठी. कुठे रसाचा थेंब पडला, मुंग्या लागल्या, तिने त्या मुंग्या मोराच्या पिसाने झाडल्या, ठेचल्या नाहीत, डाग पडतील म्हणून. पुस्तक परत मिळालं तेव्हा दुप्पट जाड झालं होतं आणि त्याला आंब्याचा वास येत होता, पण एकही अक्षर गेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, ह्या बाईचे उपकार मी कसे फेडणार? आता ऐका मी ते कसे फेडले.

पुस्तकात एक सिद्धान्त होता, त्याने मला आठवडाभर छळलं. शून्य आणि एक ह्यांच्यामध्ये जेवढे म्हणून अपूर्णांक आहेत, ते अनंत. कुठेही बोट ठेवा, तिथे अपूर्णांक आहेच. आणि तरी त्या सगळ्यांचं मिळून माप शून्य! मला पटेना. जेवताना पटेना, शाळेत पटेना, देवपूजेत तर मुळीच पटेना. आणि एका संध्याकाळी ओटीवर सुपारी कातरता कातरता लख्ख कळलं. मला इतका आनंद झाला की तो एकट्याने सोसवेना. उमा मासिक अडचणीची म्हणून माजघरापलीकडे बसलेली. ओटीवर होते रावजी, राजाभाऊ वकील आणि श्रीपती वैद्य. मी काय करू? त्यांनाच सांगितलं.

"हे पाहा," मी म्हणालो, "ही एक सुपारी. पहिल्या अपूर्णांकाला अर्धी दिली. दुसऱ्याला पाव. तिसऱ्याला त्याच्या अर्धी. असे अनंत येऊ देत, सगळे ह्या एका सुपारीत भागतात! आणि सुपारीच्या जागी मोहरी घेतली तरी भागतात. मोहरीच्या जागी तिचा कण घेतला तरी! म्हणजे माप किती? शून्य!"

वैद्य म्हणाले, "सुपारीने पित्त वाढतं."

रावजी मात्र पुढे सरकले. एरवी माझ्या बोलण्यात जांभया देणारा माणूस, त्याचे डोळे चमकत होते. "म्हणजे मास्तर, वाटेकरी कितीही येऊ देत, सगळ्यांचं मिळून शून्य?"

"हो! म्हणजे वाटेकरी नव्हेत, बिंदू..."

"कळलं, कळलं," राजाभाऊ म्हणाले आणि त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, गणिताची गोडी लागली. चौदा वर्षं मास्तरकी केलेला माणूस इतका भाबडा असू शकतो ह्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण तसा मी होतो.

आता रावजींच्या अंगणातला आंबा सांगायला हवा. जुनं रायवळ झाड, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. त्यांच्या घराण्यात वाटण्या झाल्या तेव्हा भांडीकुंडी, शेतं, देवसुद्धा वाटले गेले, पण हे झाड सामाईक राहिलं. पुढे वाट्यांचे वाटे होत होत रावजींकडे बारा आणे, हेदवीच्या भाऊबंदांकडे काही, आणि आनंदीबाईंकडे नवऱ्यामागे आलेला वाटा रुपयात दोन पै. त्या घराण्याची एक रीत होती. आंबा उतरवायच्या दिवशी सगळे वाटेकरी अंगणात जमायचे, आणि सगळ्यांत लहान वाटेकरी 'उतरव' म्हणेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. मोठ्याने लहानाला गिळू नये म्हणून कोणा शहाण्या पूर्वजाने घालून दिलेली. त्यामुळे वर्षातून एक दिवस आनंदीबाई अंगणात पाटावर बसायच्या आणि बारा आण्यांचे धनी रावजी हात जोडून विचारायचे, "काकू, उतरवू का?" उमेला त्या एकदा म्हणाल्या होत्या, "त्या दिवशी मला कुणी 'आत जा' म्हणत नाही गो."

रावजींना ते झाड तोडून तिथे मंगळुरी कौलांची नवी खोली बांधायची होती. हेदवीकरांनी लाकडाच्या आशेने मान डोलावली होती. आनंदीबाई 'नाही' म्हणाल्या. दावा मुन्सफ कोर्टात होता आणि रावजींची बाजू लंगडी होती. होती, म्हणजे मी ओटीवर सुपारी कातरेपर्यंत.

चार दिवसांनी बेलिफ माझ्या दारात. समन्स! वादी रावजी ह्यांच्या वतीने गणिताचे तज्ज्ञ साक्षीदार म्हणून मी हजर राहावं. तारीख पाहिली आणि भिंतीवरचं बोटीचं वेळापत्रक पाहिलं. त्याच दिवशी दुपारी हंगामातली शेवटची बोट सुटत होती. त्यानंतर पावसाळाभर बोटी बंद. बोट चुकली तर आंबा घाटातून कोल्हापूरची मोटार आणि पुढे आगगाडी, पण लग्नसराईमुळे मोटारीत पुढचे कितीतरी दिवस जागा नव्हती.

मी राजाभाऊंकडे धावलो. "अहो, हे काय केलंत? दोन पै म्हणजे शून्य नव्हे!"

"ते तुम्ही ठरवू नका, ते कोर्ट ठरवील," राजाभाऊ पान लावत म्हणाले. "आणि मुन्सफ नवीन आलेत, साताऱ्याकडचे. स्वतः गणितातले बी.ए. त्यांना असलं काही आवडतं म्हणे. तुम्ही फक्त ओटीवर बोललात तेवढंच बोला."

कोर्टात तारीख बदलून मागायला गेलो. कारकून म्हणाला, "कारण?" म्हटलं, परीक्षा. त्याने चष्म्यावरून पाहिलं. "मुलाची?" "माझी." त्याने मला पुन्हा नीट पाहिलं, शेजारच्या कारकुनाला बोलावून तेही दाखवलं. मग म्हणाला, "परीक्षा हे कारण बसत नाही. आजार बसतो, मयत बसते. घरात कुणी अगदीच अत्यवस्थ आहे का?" कुणी नव्हतं. माझ्याशिवाय.

मग आळीत माझी जी शोभा झाली ती काय सांगावी! मास्तर म्हातारीविरुद्ध साक्ष देणार. दूध घालणारी सखू दारात कासंडी आपटून म्हणाली, "मास्तरानू, त्या म्हातारीचा झाड तोडाला तुमी साक्ष देनार, ह्या खरा का वो?" मी मेझर थिअरीतलं शून्य आणि दोन पै ह्यांतला फरक तिला समजावू लागलो, तर ती म्हणाली, "त्या ऱ्हाऊ दे. खरा का खोटा, तेवढा सांगा." त्या दिवसापासून दुधात पाणी वाढलं. शाळेत फळ्यावर कुणी कार्ट्याने आंब्याचं झाड काढलं आणि खाली लिहिलं, 'माप शून्य'. आणि घरात उमा माझ्याशी बोलायची ती भिंतीकडे पाहून.

आनंदीबाई मात्र स्वतःच आल्या. मी पुस्तक झाकलं. ते आता फार आवाज करायचं. त्या पायरीवर बसल्या.

"मास्तर, तू काही मनाला लावून घेऊ नकोस. बोलावलंय तर जायला हवं. आणि खरं असेल तेच सांग हो. मी ते पुस्तक पान न् पान वाळवलंय. मला वाचता येत नाही, पण त्यात माझ्या वाईटाचं काही असेल असं मला वाटलं नाही."

त्या उमेकडून कोकमाचं सरबत प्यायल्या आणि गेल्या.

साक्षीचा दिवस उजाडला. उमेने वळकटी, ट्रंक आणि दशम्यांचा डबा घेऊन परस्पर बंदरावर जायचं आणि मी कोर्टातून थेट तिथे पोचायचं, असं ठरलं. आमचा दावा पहिला होता. पण पहिल्याच्या आधी एक चोरीला गेलेल्या बैलाचा निघाला, तो बैल कोर्टाच्या आवारात आणला होता, आणि तो मालकाला ओळखेना. ह्यात दुपार झाली. मग माझं नाव पुकारलं.

कोर्ट खच्चून भरलेलं. शाळेला आदल्या दिवशीच सुट्टी लागल्याने माझे विद्यार्थीही खिडक्यांना लटकलेले. राजाभाऊंनी घसा साफ केला.

"शून्य आणि एक ह्यांच्यामधले अपूर्णांक किती?"

"अनंत."

"त्या सगळ्यांचं मिळून माप?"

"शून्य. पण..."

"पण नको. ते सगळे काढून टाकले तर एकूण बेरजेत काही फरक पडतो?"

आता इथे माझी मान अडकली. कारण पडत नाही! तोच तर त्या फ्रेंच माणसाच्या इंटिग्रलचा, म्हणजे आडव्या थरांच्या बेरजेचा, मोठेपणा. खोटं सांगावं तर शपथ घेतलेली, आणि शपथेपेक्षाही ते गणित. मी खाली पाहून म्हणालो, "नाही. फरक पडत नाही."

कोर्टात कुजबुज झाली. रावजी मिशीतल्या मिशीत हसले. "एवढंच!" म्हणून राजाभाऊ बसले. मी आनंदीबाईंकडे पाहिलं नाही.

त्यांना वकील नव्हता. मुन्सफ म्हणाले, "बाई, साक्षीदाराला काही विचारायचंय?" मला वाटलं, नाही म्हणतील. त्या उठल्या. पदर सारखा केला.

"मास्तर, तुझा तो पुस्तकातला साहेब त्यांना काढून टाकतो, तो विचारून की न विचारता?"

लोक हसले. राजाभाऊ तर मोठ्याने हसले. मी हसलो नाही. मी तिथे उभा राहून पुस्तकातली पानं डोळ्यांपुढे आणली, कारण तिचा प्रश्न बरोबर होता.

"सांगून," मी म्हणालो. "दर वेळी सांगून! साहेब, तो 'सर्वत्र' असं कधीच लिहीत नाही. 'जवळजवळ सर्वत्र' असं लिहितो. पानोपानी! ज्यांचं माप शून्य त्यांना बाजूला ठेवायचं झालं तरी आधी तसं म्हणतो, मग ठेवतो. एका ठिकाणी जरी न सांगता वगळलं तरी सिद्धता चुकली म्हणून परीक्षक काट मारतो. आणि हे शून्य मापवाल्यांचं झालं. दोन पै कुठे शून्य आहेत? शून्य म्हणजे काय, तर तुम्ही जे माप म्हणाल त्याहून कमी. मी म्हणतो एक पै. दोन पै त्याहून कमी आहेत का? नाहीत! मग कसलं शून्य? हा राजाभाऊ मॅट्रिकला माझ्याच हाताखाली शिकला, साहेब. तेव्हाही हा अर्धंच ऐकायचा!"

खिडक्यांतून पोरांनी टाळ्या पिटल्या. पट्टेवाल्याने त्यांना हाकललं. मुन्सफांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचा चेहरा निराळाच झाला होता.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "पण अपूर्णांकांचं माप शून्य कसं हो? ते तर सगळीकडे आहेत. माझ्या वडिलांनी मला वकिलीला घातलं तेव्हा मी नेमका इथेच आलो होतो."

खरं सांगतो, मी त्या वेळी 'साहेब, माझी बोट आहे' असं म्हणायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण चौदा वर्षांत मला हा प्रश्न कुणी स्वतःहून विचारला नव्हता. कुठून तरी खडू आला. कागदपत्रांच्या काळ्या कपाटाच्या दारावर मी रेघ ओढली आणि पहिल्या अपूर्णांकावर अर्ध्या सुपारीएवढं पहिलं पांघरूण घातलं. मुन्सफ खुर्ची सोडून खाली आले. दुसरं पांघरूण, तिसरं. "मग चौथ्याला त्याच्या अर्धं!" मुन्सफ ओरडले. "अगदी बरोबर, साहेब!" मी ओरडलो. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. मी पाचवं घातलं. दुसरा भोंगा झाला. शेवटी "म्हणून माप शून्य" असं लिहून मी वळलो, तेव्हा तिसरा भोंगा होऊन गेला होता.

निकाल तिथल्या तिथे झाला. आनंदीबाई वाटेकरीण आहेत आणि त्यांच्या संमतीशिवाय झाडाला कुऱ्हाड लावायची नाही.

मी धोतराचा सोगा धरून बंदराकडे पळालो. वाटेत एक वहाण गेली. बंदरावर पोचलो तर उमा ट्रंकेवर बसलेली आणि समुद्रावर लांब धुराची एक रेघ.

"साक्ष झाली?" तिने विचारलं.

"झाली."

"झाड?"

"राहिलं."

बऱ्याच दिवसांनी ती माझ्याकडे पाहून बोलत होती. "मग बसा," ती म्हणाली. "दशमी खा." आम्ही दोघं तिथेच वाळूत बसून मुंबईच्या प्रवासाच्या दशम्या खाल्ल्या. मॅट्रिकचा वर्ग गेला होता. ती वाढत राहिली आणि मी खात राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजींच्या अंगणात सगळे जमले. झाड नाही तर नाही, निदान पावसाच्या आत आंबे तरी उतरवावेत म्हणून. हेदवीकर टोपल्या घेऊन आलेले, पोरं काठीला जाळी लावलेले झेले घेऊन झाडावर चढलेली. आनंदीबाई पाटावर. रावजींनी कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून हात जोडले. "काकू, उतरवू का?"

"नको," आनंदीबाई म्हणाल्या.

"नको?"

"मास्तराची बोट तुझ्यापायी गेली. त्याला मुंबईला पोचव. तो परीक्षा देऊन परत आला की उतरव."

"काकू, मी काय समुद्रावर पूल बांधू? आंबे गळून जातील! पाऊस आला तर सगळा सडा!"

"माझे दोन पै सडतील," त्या म्हणाल्या. "तुझे बारा आणे."

हेदवीकर रावजींकडे पाहू लागले. त्यांच्या टोपल्या रिकाम्या होत्या. मग अर्ध्या तासाच्या आत, जो माणूस मला पाटी-दप्तरावरून चिडवत होता, तो माझी ट्रंक डोक्यावर घेऊन बंदरावर धावत होता. दादू तांडेलाचा मचवा आंब्याच्या पेट्या भरून मुंबईला निघत होता. दादू म्हणाला, "वारा पाठीशी हाय, परीक्षेआधी पोचवतो तुमाला. पन वकार्‍या कराल त्या बाजूला करा. पेट्यांवर नको."

त्या प्रवासाबद्दल मी अधिक लिहीत नाही. माणसाला काही अब्रू असते. एवढंच सांगतो की बाजू मी सांभाळली. परीक्षेच्या हॉलमध्ये हिरव्या कोटातून ब्राह्मी, आंबे आणि सुकी मासळी असा संमिश्र वास सुटला होता, आणि शेजारच्या उमेदवाराने मला बाक बदलायला सांगितलं. मी बदललं नाही, मला उजेड हवा होता. निकाल पुढे पावसाळ्यात लागला. थर्ड क्लास. पण थर्ड क्लासही एम.ए.च असतो, आणि मॅट्रिकचा वर्ग माझ्याकडेच राहिला. पुण्याचा तो पोरगा कुठेतरी दुसरीकडे 'अॅक्च्युअली' म्हणत असेल, देव त्याचं भलं करो.

पण हे सगळं नंतरचं. मी आंबा घाटातून मोटारीने परत आलो तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. आळीच्या तोंडाशीच रावजी उभे. त्यांची दाढी वाढलेली, डोळे आभाळाकडे. त्यांनी मला घरीसुद्धा जाऊ दिलं नाही, हाताला धरून अंगणात नेलं. आंबे गळायला लागले होते. सगळे वाटेकरी हजर. उमाही होती. आनंदीबाई पाटावर बसलेल्या, जणू मी गेल्यापासून उठल्याच नव्हत्या.

"आला! हा बघा आला, काकू! उतरवू?"

"थांब," त्या म्हणाल्या. "मास्तर, पास होशील ना रे?"

मी खरं ते सांगितलं. "सांगता येत नाही, आनंदीबाई. एक प्रश्न राहिला."

"असं?" त्यांनी पदर सावरला. "मग निकाल लागेपर्यंत थांबू या का?"

"काकू!" रावजी किंचाळले. ते पाटापुढे गुडघ्यांवरच बसले. "होणार हो पास! मी सांगतो ना! अहो, सबंध रत्नागिरीत असा मास्तर नाही! मुन्सफाला शिकवलं त्याने! शिंच्या परीक्षकाची काय टाप आहे ह्याला नापास करायची? होणार म्हणजे होणार!" आणि माझ्याकडे वळून, अगदी रडकुंडीला येऊन, "अहो मास्तर, तुम्ही तरी म्हणा ना!"

मी आयुष्यात हे वाक्य उमेजवळसुद्धा बोललो नव्हतो. मी म्हणालो, "होईन पास."

आनंदीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग रावजींकडे, मग वर झाडाकडे. घाई कसलीच नव्हती त्यांना. सगळं अंगण त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं.

"उतरव रे रावजी," त्या म्हणाल्या.

झाडावरून पहिला झेला भरून खाली आला तेव्हा मी तिथेच पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. उमेने विचारलं तर घाटात मोटार फार लागली म्हणून सांगितलं.